अवशिष्ट किमतीचा अंदाज आणि त्याची किंमत: एका लीजच्या शेवटाचे प्रकरण

२०२१ च्या दसऱ्याच्या आदल्या दिवशी, म्हणजे १४ ऑक्टोबरला, पिंपरी-चिंचवड परिसरातल्या एका अभियंत्याने आपल्या नोकरीच्या कंपनीतील लीज योजनेतून एक मोटार घेतली. गाडी चार मीटरच्या आतली, १,१९७ सीसीच्या पेट्रोल इंजिनाची होती आणि मुदत ४८ महिन्यांची होती. चार वर्षे हप्ता पगारातून बिनबोभाट वळता होत राहिला. २०२५ च्या ऑगस्टमध्ये लीज कंपनीचे पत्र आले की मुदत संपत आली आहे, गाडी परत करावी, अथवा ठेवायची असल्यास ५,४०,००० रुपये अधिक जीएसटी भरून ती नावावर करून घ्यावी. अभियंत्यांनी २०२१ चे कोटेशन जपून ठेवले होते. त्यावर ‘रेसिड्युअल व्हॅल्यू ३,१५,०००’, म्हणजे मुदतीअखेर गाडीची उरेल असा अंदाज केलेली अवशिष्ट किंमत, असे स्पष्ट छापलेले होते. एकाच गाडीचे एकाच कंपनीने सांगितलेले हे दोन आकडे घेऊन ते माझ्याकडे आले, तेव्हा त्यांचा प्रश्न इतकाच होता की यातला खरा आकडा कोणता.

मी परिव्यय लेखापाल (कॉस्ट अकाउंटंट) आहे आणि अशा हिशेबांशी माझा रोजचा संबंध येतो. तरीही या प्रकरणात मला स्वतःला दोनदा हिशेब नव्याने मांडावा लागला, म्हणून ते सविस्तर नोंदवत आहे. मोजणी डोळ्यांसमोर राहावी म्हणून रकमा किंचित गोल केल्या आहेत आणि ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत.

हप्ता कसा बसला होता

लीजचा हप्ता म्हणजे गाडीचे भाडे, अशी बहुतेकांची समजूत असते. प्रत्यक्षात त्यात दोन गोष्टी एकत्र असतात. गाडीची किंमत मुदतीत जितकी झिजेल असा अंदाज आहे तितकी झीज, आणि त्या काळात गाडीत अडकून पडलेल्या पैशांवरचे व्याज. यातले व्याज बाजारात कोणालाही विचारून पडताळता येते. झिजेचा आकडा मात्र मुदत संपेपर्यंत कोणालाच ठाऊक नसतो, आणि सगळा हप्ता त्याच्यावर उभा असतो.

या गाडीची शोरूममधली किंमत ९,०३,००० रुपये होती. त्यात मूळ किंमत ७,००,००० आणि उरलेले २,०३,००० रुपये म्हणजे २८ टक्के जीएसटी व १ टक्का उपकर. लीज कंपनी खरेदीवर भरलेल्या या कराची वजावट घेते आणि त्याऐवजी दर महिन्याच्या भाड्यावर त्याच दराने कर लावते, त्यामुळे तिच्या दृष्टीने गाडीची किंमत सात लाखच असते. त्यात रस्ता कराची भर पडली. नोंदणी अभियंत्याच्या नावावर न होता नोकरीच्या कंपनीच्या नावावर झाली होती, आणि महाराष्ट्रात कंपनीच्या नावावरच्या गाडीला २० टक्के रस्ता कर पडतो. दहा लाखांच्या आतली पेट्रोल गाडी व्यक्तीच्या नावावर असती तर तो ११ टक्के पडला असता. म्हणजे ९९,३३० च्या जागी १,८०,६०० रुपये. नोंदणीचा किरकोळ खर्च धरून लीज कंपनीची गुंतवणूक ८,८५,००० रुपये झाली.

आता साधा हिशेब असा. ८,८५,००० मधून शेवटी उरणारे ३,१५,००० वजा केले तर ५,७०,००० रुपयांची झीज राहते. ४८ महिन्यांवर वाटली की महिन्याला ११,८७५ रुपये. व्याजासाठी सुरुवातीची व शेवटची रक्कम यांची सरासरी, म्हणजे सहा लाख, धरायची आणि तिच्यावर १२ टक्के वार्षिक दराने महिन्याचे ६,००० रुपये काढायचे. बेरीज १७,८७५. अमेरिकेतले विक्रेते हेच गणित ‘मनी फॅक्टर’ नावाच्या एका छोट्या अपूर्णांकाने करतात. वार्षिक व्याजदराला २,४०० ने भागले की तो मिळतो. १२ टक्क्यांसाठी तो ०.००५ येतो, आणि सुरुवातीच्या व शेवटच्या किमतींच्या बेरजेला त्याने गुणले की तेच ६,००० हाती येतात. ही रीत सोपी असली तरी थोडी कमी रक्कम दाखवते, कारण समान हप्त्यांच्या कर्जात मुद्दल सुरुवातीला हळू आणि शेवटी भरभर फिटते. वर्तमान मूल्याच्या, म्हणजे पुढे मिळणाऱ्या रकमांची आजची किंमत काढणाऱ्या, सूत्राने बसवलेला नेमका हप्ता १८,१६० रुपये येतो आणि कोटेशनवरही तोच होता. त्यावर २९ टक्के कर मिळवून पगारातून दरमहा २३,४२६ रुपये जात होते.

हप्त्याचे हे यंत्र एकदा हाती आले की त्याचा प्रत्येक दांडा हलवून पाहता येतो, आणि सल्लागाराने सर्वांत आधी तेच करावे असे माझे मत आहे. व्याज १२ ऐवजी १३ टक्के केले तर हप्ता ५४४ रुपयांनी वाढतो. अवशिष्ट किंमत एक लाखाने वाढवली तर हप्ता १,६३३ रुपयांनी उतरतो. आणि नोंदणी कंपनीच्या नावावर केल्यामुळे बसलेला ८१,२७० रुपयांचा जादा रस्ता कर हप्त्यात दरमहा २,१४० रुपये होऊन बसला होता, जीएसटीसह २,७६१. अभियंत्यांनी २०२१ मध्ये आठवडाभर घासाघीस केली होती ती व्याजाच्या अर्ध्या टक्क्यासाठी. नोंदणी कोणाच्या नावावर होणार, हे त्यांनी विचारलेही नव्हते. जुनी गाडी विकताना या जादा कराचे कोणी एक रुपयाही देत नाही, म्हणजे ती रक्कम पहिल्याच दिवशी शंभर टक्के झिजलेली होती.

३५ टक्के आले कुठून

शोरूम किमतीच्या ३५ टक्के हा आकडा लीज कंपनीने कसा काढला असेल, याची मी थोडी उलटतपासणी केली. अशा कंपन्या त्या किंवा तत्सम मॉडेलच्या चार वर्षांच्या गाड्या लिलावात कोणत्या भावाने जातात हे पाहतात. त्यातून गाडी विकली जाईपर्यंत यार्डात उभी राहण्याचा खर्च, रंगरंगोटी आणि लिलावाचे कमिशन वजा होते. मग मॉडेल बंद पडणे, नवे मॉडेल येणे, सरकारी धोरण बदलणे अशा धोक्यांसाठी आणखी कात्री लागते. या शेवटच्या कात्रीला आपल्याकडे सबळ कारणे आहेत. दिल्लीच्या परिसरात दहा वर्षांवरच्या डिझेल आणि पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर बंदीचे आदेश निघाल्यावर त्यांच्या जुन्या भावांचे काय झाले ते सर्वांनी पाहिले आहे, आणि १ एप्रिल २०२० पासून प्रदूषणाचे बीएस-६ निकष लागू झाल्यावर नव्या गाड्यांच्या किमतींनी जुन्यांचे भाव वर ओढले तेही पाहिले आहे.

पण अंदाज खाली ठेवण्यामागे सावधगिरीखेरीज दुसरेही कारण असते आणि ते कोटेशनवर लिहिलेले नसते. अवशिष्ट किंमत जितकी कमी धरावी तितकी झीज जास्त दिसते, तितका हप्ता वाढतो, आणि शेवटी गाडी अंदाजापेक्षा जास्त किमतीला गेली तर वरचे पैसे ज्याच्या मालकीची गाडी त्याला मिळतात. हप्ता भरणाऱ्याने जास्त झिजेचे पैसे तर दिलेले असतात, पण न झालेली झीज त्याला परत मिळत नाही. अंदाज वरच्या बाजूला चुकला तर नेमके उलटे घडते. अमेरिकेतल्या हर्ट्झ या भाड्याच्या गाड्यांच्या कंपनीने जानेवारी २०२४ मध्ये आपल्या ताफ्यातल्या सुमारे २०,००० विद्युत गाड्या विकायला काढल्या, तेव्हा आधी धरलेल्या घसाऱ्याव्यतिरिक्त (घसारा म्हणजे हिशेबात दाखवलेली झीज) तिला सुमारे २४.५ कोटी डॉलरचा जादा घसारा एका तिमाहीत दाखवावा लागला होता. टेस्लाच्या नव्या विद्युत गाड्यांच्या किमती २०२३ मध्ये उतरल्या आणि जुन्यांच्या त्यांच्यामागोमाग गेल्या. तेव्हा लीज कंपनीच्या सावधपणाला मी सरसकट लबाडी म्हणणार नाही. त्या सावधपणाचा फायदा कोणाला मिळायचा हे करारात कसे लिहिले आहे, एवढाच माझा प्रश्न होता.

करारात ते लिहिलेले होते. कोटेशन हा करार नव्हताच. खरा करार लीज कंपनी आणि नोकरीची कंपनी यांच्यात झाला होता, अभियंत्याची त्यावर सही नव्हती, आणि त्यातल्या एका कलमात म्हटले होते की मुदतीअखेर गाडी ‘निर्धारित अवशिष्ट किंमत किंवा त्या वेळचा वाजवी बाजारभाव, यांपैकी जी रक्कम जास्त असेल त्या रकमेला’ देता येईल. ‘जास्त असेल त्या’ या तीन शब्दांनी ३,१५,००० रुपयांवरचा हक्क संपवला. ही गोष्ट अभियंत्यांना पटवून देणे हा या प्रकरणातला सर्वांत अवघड अर्धा तास होता. मात्र याच कलमाने वाद एका मोजता येण्याजोग्या प्रश्नावर आणून ठेवला: १४ ऑक्टोबर २०२५ रोजी या गाडीचा वाजवी बाजारभाव किती?

घसाऱ्याची पुस्तके

लीज कंपनीच्या प्रतिनिधीने ५,४०,००० च्या समर्थनार्थ सर्वप्रथम विमा पॉलिसी पुढे केली. ऑक्टोबर २०२४ मध्ये नूतनीकरण झालेल्या पॉलिसीत गाडीची घोषित किंमत, म्हणजे आयडीव्ही, ६,१२,००० होती. त्या मानाने ५,४०,००० म्हणजे मेहरबानीच, असा त्यांचा सूर होता. आयडीव्हीचा तक्ता ठरलेला असतो. सहा महिन्यांपर्यंतच्या गाडीला ५ टक्के घसारा, एक वर्षापर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २०, तीनपर्यंत ३०, चारपर्यंत ४० आणि पाचपर्यंत ५० टक्के. त्यापुढे विमाधारक आणि विमा कंपनी यांनी आपसात ठरवायचे. हा तक्ता पायऱ्यांचा आहे. वाढदिवसाच्या मध्यरात्री गाडी दहा टक्क्यांनी उतरते, असे रस्त्यावर होत नाही. शिवाय चोरी झाल्यास किंवा गाडी पूर्ण निकामी झाल्यास किती भरपाई द्यायची, एवढ्यापुरताच तो आहे. गाडी डबक्यातून काढलेली असो की काचेसारखी ठेवलेली, तक्त्याला फरक पडत नाही. असे असले तरी एक शहाणपण त्यात आहे, ज्याकडे पुढे यावे लागले: तो टक्के मोजतो ते चार वर्षांपूर्वी भरलेल्या किमतीवर नव्हे, तर पॉलिसी घेताना उत्पादकाच्या यादीत असलेल्या किमतीवर.

प्राप्तिकराचे पुस्तक वेगळे. तिथे मोटारीला घटत्या शिल्लकीवर, म्हणजे दरवर्षी उरलेल्या किमतीवर, १५ टक्के घसारा मिळतो, टॅक्सीसारख्या भाड्याने चालणाऱ्या वाहनांना ३० टक्के, आणि पहिल्या वर्षी गाडी १८० दिवसांपेक्षा कमी वापरात असेल तर दराच्या निम्मा. १४ ऑक्टोबर २०२१ पासून ३१ मार्चपर्यंत १६९ दिवस होतात, म्हणून पहिल्या वर्षी साडेसात टक्केच मिळाले असते आणि ३१ मार्च २०२५ रोजी किंमत मुळाच्या ५६.८ टक्के दिसली असती. कंपनी कायदा, २०१३ च्या दुसऱ्या परिशिष्टात मोटारीचे उपयुक्त आयुष्य आठ वर्षे आहे. पाच टक्के अवशेष धरून सरळ रेषेने घसारा काढला तर चार वर्षांनी ५२.५ टक्के उरतात. आणि मालकाने आपली गाडी नोकराला विकली तर करपात्र लाभ मोजण्यासाठी दरवर्षी घटत्या शिल्लकीवर २० टक्के कापायचे असतात, त्या वाटेने चार वर्षांनी ४१ टक्के. चार नियम, चार उत्तरे, आणि चारही आपापल्या जागी बरोबर आहेत. कोणाचेही काम बाजारभाव सांगण्याचे नाही. या पुस्तकांचा हेतू आहे कर, ताळेबंद आणि भरपाई यांत मनमानी होऊ नये, इतकाच.

जाता जाता एक विसंगती नोंदवतो. मोटार वाहन कायद्याच्या दृष्टीने लीजवरच्या गाडीचा ‘मालक’ म्हणजे ती ज्याच्या ताब्यात आहे तो. प्राप्तिकराच्या दृष्टीने मात्र लीज देणारी कंपनी मालक राहून घसारा घेऊ शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये आयसीडीएस या लीज देणाऱ्या कंपनीच्या प्रकरणात मान्य केले. आरसी पुस्तकावर एकाचे नाव आणि घसाऱ्याच्या रकान्यात दुसऱ्याचे, हे त्यामुळे कायदेशीरच आहे. आमच्या अभियंत्यांचे नाव दोन्हीकडे नव्हते.

२२ सप्टेंबर

जुन्या गाडीची किंमत वरून खाली ठरते असे मी मानतो. तिची सुरुवात तुम्ही कधीकाळी भरलेल्या रकमेपासून होत नाही. आज तीच गाडी नवी घ्यायला किती पडतात, तिथून होते. खरेदीदार मनात ती तुलना केल्याशिवाय जुनीकडे वळतच नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये त्याच प्रकारची नवी गाडी १०,३२,००० रुपयांना होती. लीज कंपनीचे ५,४०,००० म्हणजे २०२१ च्या किमतीच्या जवळजवळ ६० टक्के आणि ऑगस्टमधल्या नव्या किमतीच्या ५२.३ टक्के. पहिला आकडा ऐकला की गाडीने भाव चांगला धरला असे वाटते. दुसरा ऐकला की तिची झीज नेहमीसारखीच झाली असून मधल्या काळात फक्त नवी महागली, हे कळते. २०२१ मध्ये चिपच्या टंचाईने नव्या गाड्यांसाठी महिनोन्महिने थांबावे लागत होते. पुढे किमती वाढत गेल्या, आणि ३५ टक्क्यांचा अंदाज मुख्यतः तिथेच चुकला.

ऑगस्टच्या पत्रावरची शाई वाळते न वाळते तोच या तुलनेतली वरची कडी हलली. १५ ऑगस्टला लाल किल्ल्यावरून जीएसटीत सुधारणा होणार असल्याचे जाहीर झाले, ३ सप्टेंबरला परिषदेने दर ठरवले आणि २२ सप्टेंबरपासून, म्हणजे घटस्थापनेपासून, छोट्या पेट्रोल गाड्यांवरचा २९ टक्क्यांचा भार १८ टक्क्यांवर आला. १०,३२,००० मधली करापूर्वीची किंमत आठ लाख होती. नव्या दराने ती गाडी ९,४४,००० ला मिळू लागली. शोरूम किमतीत फरक ८८,००० चा. पण खरेदीदार ऑन-रोड किंमत मोजतो, आणि तिथे आणखी एक गोष्ट घडली होती. दहा लाखांवर गेल्यामुळे ऑगस्टमध्ये या गाडीला १२ टक्के रस्ता कर पडत होता. ती दहा लाखांच्या आत आल्यावर तो पुन्हा ११ टक्के झाला. रस्ता करासह किंमत ११,५५,८४० वरून १०,४७,८४० वर, म्हणजे बरोबर १,०८,००० रुपयांनी उतरली.

ऑगस्टमधला ५,४०,००० चा भाव तेव्हा वाजवी होता असे क्षणभर मानले, तरी तेच प्रमाण ऑक्टोबरमधल्या ऑन-रोड किमतीला लावल्यावर ४,८९,५०० येतात. पन्नास हजार रुपये गाडीला एक ओरखडाही न पडता गेले.

लीज कंपनीच्या प्रतिनिधीने यावर जे उत्तर दिले ते ऐकण्यासारखे होते: ‘कर सरकारने कमी केला, त्याचा भुर्दंड आम्ही का सोसायचा?’ मलाही प्रथम त्यांच्या म्हणण्यात तथ्य वाटले. मग मी आकडे कागदावर मांडले आणि माझा पहिला ग्रह चुकीचा निघाला. लीज कंपनीने खरेदीच्या वेळी कराची वजावट घेतली असल्यामुळे जुनी गाडी विकताना तिला केवळ नफ्यावर नव्हे, तर पूर्ण विक्री किमतीवर जीएसटी भरावा लागतो. बाजारभाव मात्र सगळे धरूनच असतो. शेजारच्या सोसायटीतला माणूस आपली गाडी विकतो तेव्हा ‘अधिक जीएसटी’ म्हणत नाही, आणि खरेदीदार त्याच्याच भावाशी तुलना करतो. म्हणजे ५,४०,००० अधिक २९ टक्के, एकूण ६,९६,६०० रुपये, हा भाव कोणत्याही बाजारात नव्हताच. ५,४०,००० सर्व करांसह धरले तर जुन्या दराने लीज कंपनीच्या हाती ४,१८,६०० उरतात. नव्या दराने ४,९०,००० धरले तर ४,१५,२५० उरतात. खरेदीदाराच्या बाजूने पन्नास हजारांचा फरक, लीज कंपनीच्या बाजूने साडेतीन हजारांच्या आत. बाकीचे सरकारने सोडले होते. हा कागद पाठवल्यानंतर ‘अधिक जीएसटी’ हे शब्द पुढच्या पत्रातून गेले.

यार्डात

आता राहिला प्रत्यक्ष गाडीचा प्रश्न, कारण वरचे सगळे आकडे सरासरी गाडीचे आहेत. दसरा झाल्यावर आम्ही ती गाडी पिंपरीतल्या जुन्या गाड्यांच्या एका यार्डात नेली. मूल्यमापन करणारा मुलगा पंचविशीच्या आतला होता. त्याने आधी बॉनेट उघडून पुढच्या पट्टीचे बोल्ट पाहिले. पान्याची खूण नाही म्हणजे पुढून मार नाही. मग खिशातून रंगाची जाडी मोजणारे यंत्र काढून तो गाडीभोवती फिरला. छतावर ११०, बॉनेटवर १०५, उजव्या दारावर ११५ मायक्रॉन. डाव्या मागच्या दारावर यंत्राने ३४० दाखवले. ‘साहेब, हा दरवाजा मारलेला आहे, आत पुटी आहे,’ तो म्हणाला. अभियंत्यांना २०२३ मध्ये पार्किंगच्या खांबाला घासल्याचे आठवले. विम्यातून केलेले ते काम ते स्वतः विसरून गेले होते. टायर कारखान्यातून आले तेच होते आणि झिजेची खूण गोट्यांच्या पातळीला आलेली होती. मीटर ४६,००० किलोमीटर. करारात मर्यादा ६०,००० ची होती आणि तिच्यावर गेल्यास दर किलोमीटरला दंड होता. न वापरलेल्या १४,००० किलोमीटरबद्दल मात्र काही परत मिळण्याची सोय नव्हती. त्यांचे मोल मिळाले ते इथे, यार्डात.

मुलाने शेवटी आरसी पाहिली आणि ‘कंपनीची आहे का’ असे विचारले. सिंगल ओनर असूनही कंपनीच्या नावावरची गाडी म्हटले की खरेदीदार कचरतो. ती कोणी कशी चालवली याचा भरवसा नसतो, असे त्याचे म्हणणे. एमएच-१४ पासिंग त्याला चालणार होते. त्याने ४,५५,००० सांगितले. दुसऱ्या एका व्यापाऱ्याने ४,७०,००० सांगितले. अशाच गाड्या संकेतस्थळांवर पाच लाखांच्या आसपास मागितल्या जात होत्या.

इथे ऑगस्टच्या ५,४०,००० चा उगमही सापडला. प्रतिनिधीने तो आकडा अशाच जाहिरातींवरून घेतला होता. जाहिरातीतला भाव हा मागितलेला असतो, मिळालेला नसतो, आणि व्यापाऱ्याने गाडी धुऊन-पुसून, टायर घालून, महिनाभर सांभाळून मागितलेला असतो. करारातला ‘वाजवी बाजारभाव’ म्हणजे यार्ड देईल तो की यार्ड मागेल तो, यावर करार गप्प होता. मी दोहोंच्या मधला धरावा असे सुचवले, कारण गाडी अभियंत्याने घेतली तर लीज कंपनीचा लिलावाचा खर्च वाचणार होता आणि अभियंत्याला गाडीचा इतिहास ठाऊक होता. ४,९०,००० मधून टायर आणि दार यांसाठी १५,००० कमी करून व्यवहार सर्व करांसह ४,७५,००० ला ठरला.

कोणाचे किती गेले

४,७५,००० मधून १८ टक्के कर बाजूला काढल्यावर लीज कंपनीला ४,०२,५४० मिळाले. तिने ३,१५,००० धरले होते. म्हणजे कागदावर १२ टक्के व्याजाने दिलेल्या या लीजवर तिला प्रत्यक्षात सुमारे साडेचौदा टक्के सुटले. दुसऱ्या बाजूने पाहिले तर, पहिल्याच दिवशी अवशिष्ट किंमत बरोबर हेरली गेली असती तर हप्ता करापूर्वी १८,१६० ऐवजी १६,७३० बसला असता. दरमहा १,४३० रुपये अधिक कर, ४८ महिने, अभियंत्यांनी न झालेल्या झिजेसाठी भरले.

गाडी सरळ कर्जाने घेतली असती तर? हा प्रश्न त्यांनी विचारलाच. लीजचा हप्ता पगारातून करापूर्वी जात होता. ३१.२ टक्के कर वाचला, आणि गाडी कामासाठी व घरासाठी दोन्हीकडे वापरल्यामुळे १.६ लिटरच्या आतल्या इंजिनाला महिन्याला १,८०० रुपयेच करपात्र लाभ धरला गेला. हे सगळे वजाबेरीज करून खरा भार दरमहा १६,६८० होता. ९ टक्के दराने स्वतः घेऊन, ११ टक्के रस्ता कर भरून, चार वर्षांनी ४,९०,००० ला विकली असती तर तोच भार १६,४२५ पडला असता. विमा आणि पेट्रोलही पगारातून करापूर्वी गेले, तो लाभ यात धरलेला नाही. नोंदणी त्यांच्या नावावर झाली असती तर लीज दरमहा १,९०० रुपयांनी स्वस्त पडली असती आणि मग तुलनेला काही अर्थच उरला नसता. कर वाचवण्यासाठी घेतलेल्या लीजची बचत रस्ता करात आणि खाली धरलेल्या अवशिष्ट किमतीत जवळजवळ पूर्ण विरून गेली होती.

गाडी आधी नोकरीच्या कंपनीने घेऊन मग अभियंत्याला द्यावी, असा प्रस्ताव मनुष्यबळ विभागाकडून आला होता. तसे केले असते तर मधल्या टप्प्यात करपात्र लाभाचा प्रश्न निघाला असता, म्हणून विक्री लीज कंपनीकडून थेट त्यांना करून घेतली. नमुना २९ व ३० हस्तांतरणासाठी आणि लीजची नोंद उतरवण्यासाठी नमुना ३५, अशी कागदपत्रे लक्ष्मीपूजनाच्या आधी आरटीओत गेली.

त्याच आठवड्यात नवी विमा पॉलिसी आली. गाडी पाचव्या वर्षात गेली होती, म्हणून तक्त्याप्रमाणे ५० टक्के, यादीतली नवी किंमत ९,४४,०००, आयडीव्ही ४,७२,०००. अभियंत्यांनी मला त्या ओळीचे छायाचित्र पाठवून खाली लिहिले, ‘बघा, तीन हजारांचाच फरक! उगीच एवढी यातायात केली.’ मी त्यांना कळवले की गेल्या वर्षीच्या पॉलिसीत याच तक्त्याने ६,१२,००० सांगितले होते आणि पुढच्या ऑक्टोबरपासून तो काहीच सांगणार नाही.